पोर्ट ब्लेअर एका दिवसात 'उरकतं' म्हणणाऱ्यांना
(सोलापूरकरांचा चर्चेचा धागा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सात रस्ता
कालपासून सोलापूरच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. 'पोर्ट ब्लेअर म्हणजे एक जेल आणि एक विमानतळ. दुपारी उतरा, जेल बघा, झोपा, सकाळच्या पहिल्या बोटीने हॅवलॉक बेट गाठा. शहरात दिवस वाया घालवू नका.' खाली अंगठ्यांचा पाऊस. ज्याने लिहिलं त्याने जेल तरी पाहिलंय का, असा प्रश्न पडतो.

सेल्युलर जेलपासूनच घ्या. १८९६ ते १९०६ बांधकाम, मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, ६९३ कोठड्या. आज तीनच आरे उरलेत. सगळे जण कोठडीसमोर फोटो काढतात आणि बघायचं ते सोडून देतात. कडी बघा. ती दारावर नाही, दारापासून लांब भिंतीतल्या खोबणीत आहे, म्हणजे गजांतून हात घातला तरी कैद्याला पोचायला नको. मग गॅलरीतून समोर बघा. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे आहे, म्हणजे समोरच्या कोठडीत कोण आहे हे कधीच दिसू नये. सावरकर बंधू दोघेही इथेच होते आणि बराच काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत, ते असं. कोलूचं म्हणजे तेलाच्या घाण्याचं शेड, तिघांना एकाच वेळी लटकवायची फाशीची खोली, संग्रहालय, गच्ची असं धरून तीन तास. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम वेगळा. तिकीट काढताना हिंदी की इंग्रजी ते विचारून घ्या, नाहीतर आजी तासभर बसून राहतात.

आता घड्याळ. हा मुद्दा त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. पोर्ट ब्लेअर जवळपास ९३ अंश पूर्वेला, आपण ७६ वर. प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य आपल्यापेक्षा तास-सव्वा तास पुढे, घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात साडेपाचला उजाडतं, पाचला सूर्य बुडतो. नऊला आंघोळ, दहाला नाश्ता, अकराला बाहेर हा आपला सुट्टीचा क्रम तिथे चालवला की अर्धा दिवस गेला. आणि मग 'शहरात काही नाही' म्हणायचं.

माझ्या हिशेबाने तीन दिवस हवेत. पहिला जेलचा. दुसरा अ‍ॅबरडीन जेट्टीवरून रॉस बेट आणि नॉर्थ बे. तिसऱ्या दिवशी चॅथमची लाकूड गिरणी, तिथल्याच धक्क्यावरून गाड्यांच्या बोटीने बांबू फ्लॅट आणि वर माउंट हॅरिएटचा डोंगर. जॉली बॉय बेट करायचं असेल तर चौथा.

नवी पेठ
मालक, चार दिवस? रजा किती असते माणसाला? सोलापूर ते चेन्नई किंवा हैदराबाद, तिथून विमान, परत तसंच. आठवड्यातले दोन दिवस तिथेच गेले. उरले पाच. त्यातले चार शहराला दिले तर हॅवलॉकचा राधानगर किनारा काय मोबाइलवर बघायचा?

आणि नॉर्थ बे! तिथे प्रवाळ कमी, लाइफ जॅकेट जास्त. धक्क्याजवळ बोटींची वर्दळ एवढी की गाळ कायम उसळलेला. काचेच्या तळाच्या बोटीत बसवतात आणि राखाडी ढिगारे दाखवून 'कोरल, कोरल' म्हणतात. अंदमानात २०१० साली समुद्र तापून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, उथळ पाण्याला ते जास्त बाधतं. वीस रुपयांच्या जुन्या नोटेवरचं चित्र बघायला जायचं असेल तर जा बापडे. नव्या नोटेवर वेरूळ आहे, ते जवळ पडतं.

सात रस्ता
नोटेचं म्हणताय तर तेही अर्धवटच. ते चित्र नॉर्थ बेवर उभं राहून दिसतच नाही. माउंट हॅरिएटच्या रस्त्यावरून खाली बघितलं की नारळाच्या झावळ्यांमधून दीपगृह दिसतं, तेच नोटेवर. म्हणजे तुमच्याच मुद्द्याने तिसरा दिवस सिद्ध झाला.

नॉर्थ बेच्या गढूळ पाण्याबद्दल मान्य. पण वेळ चुकते हेही खरं. काचेच्या बोटीतून दिसायचं तर ऊन सरळ खाली यायला हवं, आणि तिथे सूर्य माथ्यावर येतो सव्वाअकराच्या सुमाराला. म्हणून साडेनऊ ते बारा नॉर्थ बे आणि मग रॉस. दुपारी तीनला तिरप्या उन्हात बसलात तर चकाकी दिसणार, प्रवाळ नाही.

बाळीवेस
सगळे विसरलात ते मी सांगतो. सी-वॉक (हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालणं) किंवा स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. टूरवाले हॅवलॉकहून परत आल्यावर 'जाता जाता' नॉर्थ बे घालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त केल्या असतील तर १८ तास विमानात बसायचं नसतं. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर कमी दाबात बुडबुडे होऊन सुटतो. सी-वॉकच्या हेल्मेटमध्येही कंप्रेसरचीच हवा असते, तेव्हा तिथेही तोच सावधपणा. शिवाय सर्दी असेल तर उतरूच नका. खाली जाताना नाक दाबून हळू फुंकायचं, दर हातभर खोलीला. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. कान दुखला तर थोडं वर यायचं आणि परत फुंकायचं. जोर लावला की पडदा जातो.

म्हणून पाण्यातलं सगळं सुरुवातीला, जेल शेवटी. सात रस्ता यांचा क्रमच उलटा आहे.

सात रस्ता
क्रमाचं पटलं. दिवसांचं नाही बदलत.

चटणीबहाद्दर
जेवणाचं काय? घरात दोन माणसं पूर्ण शाकाहारी. शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्यावी म्हणतोय. जॉली बॉयला खायला काही मिळत नाही असं ऐकलं.

सात रस्ता
न्या, पण प्लास्टिकच्या पाकिटातून नाही. जॉली बॉय महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे, उद्यान १९८३ चं. वंडूरच्या धक्क्यावर पिशव्या उघडून बघतात. पाण्याची बाटली, वेफर्स, चटणीचं पाकीट, सगळं बाहेर. स्टीलचा डबा आणि स्टीलची बाटली न्यायची. वनखात्याचा परवाना आधी काढायचा, ओळखपत्र लागतं. सोमवारी बंद. आणि पावसाळ्याच्या महिन्यांत जॉली बॉय बंद ठेवून रेड स्किन बेट उघडतात, प्रवाळाला विश्रांती म्हणून. जूनमध्ये जाऊन जॉली बॉय मागू नका.

नवी पेठ
हे बघा! परवाना, सोमवार, महिना, डबा. पर्यटन आहे की तहसील कचेरी?

होटगी रोड
नवी पेठ, त्या कचेरीमुळेच तिथे बघायला काहीतरी उरलंय. इथे सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर होम मैदानाची अवस्था बघा. सिद्धेश्वर तलावात काय काय तरंगतं ते बघा. धक्क्यावर चार माणसं उभी करून पिशव्या तपासल्या की जमतं. आपल्याला कुणी तपासलेलं आवडत नाही एवढाच फरक.

चटणीबहाद्दर
गड्ड्याला मध्ये आणू नका. मी भाकरीचं विचारलं होतं.

होटगी रोड
गड्डा मी आणणारच. नऊशे वर्षांच्या परंपरेचा अभिमान सांगायचा आणि नंदीध्वजाच्या काठीमागे चालताना पाण्याचे पाऊच रस्त्यावर फेकायचे, हे चालतं?

बाळीवेस
काठ्यांच्या मार्गावर पहाटेच झाडू फिरतो, माहिती नसेल तर बोलू नये. कशाला भांडलालाव? धागा अंदमानचा आहे.

होटगी रोड
झाडू फिरतो म्हणजे कचरा पडतो, हे तुम्हीच सांगितलंत. धन्यवाद.

विजापूर वेस
दोघे शांत व्हा. भाकरीचं उत्तर मी देते. कडक भाकरी टिकते ती आपल्या कोरड्या हवेमुळे. तिथे हवेत कायम दमटपणा. कापडात गुंडाळून ठेवली तर रात्रीत मऊ पडते, दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, झाकणाला आतून कागद लावा, आणि रोज लागतील तेवढ्याच बाहेर काढा. शेंगाचटणी कोरडी कुटलेली न्या. तेल सुटलेली असेल तर उन्हात डब्याच्या कडेने पाझरते आणि कपडे जातात. बाकी शाकाहारी जेवण शहरात सहज मिळतं. दक्षिणेकडचे लोक भरपूर आहेत, इडली-डोसा कुठेही. अडचण फक्त बेटांवर.

आता माझं. जेलमधल्या फोटोंबद्दल सात रस्ता अर्धंच बोलले. मराठी ग्रुप एका कोठडीसमोर रांग लावतात, तिथून थेट बाहेर. मधल्या मनोऱ्यातल्या संगमरवरी फलकांवर नावं आहेत, ती कोण वाचतं? बहुतेक नावं बंगाल आणि पंजाबची. ती वाचायला अर्धा तास द्या.

नवी पेठ
म्हणजे सावरकरांची कोठडी बघायची नाही?

विजापूर वेस
कुठे म्हटलं मी असं? तीही बघा, बाकीचीही बघा. आणि तो जुना वाद इथे सुरू करू नका, पाचशे प्रतिसाद होतील आणि भाकरी राहील बाजूला.

होटगी रोड
आपल्या चार हुतात्म्यांची नावं असतील ना तिथे? सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हाचे.

बाळीवेस
हुतात्मा चौकातून रोज जाता आणि हे विचारता? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. अंदमानात नाही.

होटगी रोड
बरं. चुकलं. पण पाऊचचं बरोबरच होतं.

नवी पेठ
मूळ मुद्द्यावर येऊ का? रॉसला काय आहे ते सांगा. पडके दगड?

सात रस्ता
पडके दगडच, पण त्यांच्यावर झाडं चढलीत. चर्च, बेकरी, आयुक्ताचा बंगला, सगळ्यांच्या भिंती वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी धरून ठेवल्यात. १९४१ च्या भूकंपापर्यंत इंग्रजांचं मुख्यालय इथेच, पुढच्या वर्षी जपानी आले. त्यांचे काँक्रीटचे बंकर अजून आहेत. हरणं अंगाशी येतात, खाऊ घालू नका. उलट टोकाला उतरून दीपगृहाकडे जा, बहुतेक ग्रुप धक्क्याजवळच फिरून परततात. दीड तास पुरे. समुद्र खवळला की बोटी बंद, म्हणून हा दिवस सुरुवातीला ठेवायचा आणि मागे एक मोकळा दिवस राखायचा. तुमच्या 'एक रात्र' योजनेत तो मोकळा दिवस कुठून आणणार?

नवी पेठ
हं. बोट रद्द होण्याचं बरोबर. हॅवलॉकच्या बोटींनाही तेच लागू.

बाळीवेस
रॉस नाही, नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. हॅवलॉक स्वराज द्वीप. आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम.

नवी पेठ
आणि माउंट हॅरिएट माउंट मणिपूर, २०२१ पासून. माहिती आहे. विमान कंपनी विमानतळाचा कोड अजून 'आयएक्सझेड'च छापते, तक्रार तिकडे करा.

सात रस्ता
आणखी दोन बारीक गोष्टी. चॅथमची गिरणी १८८३ ची, रविवारी बंद. पडौकचं लाल लाकूड आणि जपानी बॉम्बने पडलेला खड्डा, दोन्ही बघा. चिडिया टापूचा सूर्यास्त घ्यायचा तर शहरातून साडेतीनला निघा, पंचवीस किलोमीटर आहे आणि रस्ता वळणाचा. मगरींच्या सूचनेचा फलक असेल तिथे पाण्यात पाय घालू नका. किनाऱ्यावरचा मेलेला प्रवाळसुद्धा उचलू नका, तोही गुन्हा आहे. विमानतळावर सामानात सापडतो. शंख-शिंपले दुकानातून घेतले तर बिल जपून ठेवा.

नवी पेठ
ठीक. अडीच दिवस. आमच्या मेसेजमधलं 'एक रात्र' काढून टाकतो. पण नॉर्थ बेला मी जाणार नाही म्हणजे नाही.

सात रस्ता
मेसेज तुमचा होता होय!

चटणीबहाद्दर
भाकरीचा डबा चेक-इनमध्ये की हातात?

विजापूर वेस
हातात. चेक-इनमध्ये चुरा होतो.