पळता पळता केलेली कामं : तुमचे अनुभव लिहा

आमच्या रनिंग ग्रुपात परवा जोरदार वाजलं. विषय काय तर महिन्यातला एक रविवार लाँग रन कमी करून वस्तीतलं काहीतरी काम करायचं का. निम्मे म्हणाले करूया, निम्मे म्हणाले अहो जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे, ३२ किलोमीटर कधी पळायचं मग? मी 'करूया'वाल्यांतला, पण खरं सांगायचं तर मलाही खात्री नाहीये. २०१९ च्या २ ऑक्टोबरला आम्ही सगळ्यांसारखं प्लॉगिंग (म्हणजे पळता पळता रस्त्यावरचा कचरा उचलणं) केलं होतं, पिशव्या भरल्या, फोटो काढले, आणि पुढचा नंबर थेट पुढच्या २ ऑक्टोबरला लागला :)

तर ज्यांनी हे वर्षभर टिकवलंय त्यांनी लिहा. फसलेलं असेल तर तेही लिहा, ते जास्त उपयोगी.

माझ्यापासून सुरुवात करतो. आमच्यातले चौघं दोन उन्हाळे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोपांना पाणी घालतोय. सॅकमध्ये दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे पाठीवर चार किलो, आणि चढ पळत. टेकडीच्या ट्रेनिंगसाठी वेगळं काही करावं लागत नाही. पहिल्या दिवशी आम्ही आपलं बुंध्याशी भसाभस पाणी ओतलं आणि घड्याळ बघत पुढे निघालो, तर रोज येणारे एक आजोबा मागून ओरडले, "अरे पाणी पाजताय का अंघोळ घालताय?" बघतो तर सगळं पाणी उताराने खाली गेलेलं. मग त्यांनी दाखवलं, आधी आळं करायचं, उताराच्या बाजूला मातीचा बांध उंच ठेवायचा, पाणी थांबत थांबत घालायचं आणि वर पालापाचोळा पसरायचा म्हणजे ओल टिकते. एका रोपाला पाच मिनिटं जातात, पेस वगैरे विसरा. पहिल्या वर्षी मे महिन्यात आम्ही सगळे रेससाठी बाहेरगावी गेलो, दहा दिवस कोणी फिरकलं नाही, आणि दोन बहावे आणि एक कडुनिंब वाळून गेला. तेव्हापासून पाळ्या लावल्यात.

*

मी लंडनमधून लिहितेय. इथे गुडजिम म्हणून प्रकार आहे, आयव्हो गॉर्मली नावाच्या माणसाने सुरू केला. त्याला जिममध्ये जाऊन ताकद वाया घालवायचा कंटाळा, म्हणून तो ओळखीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे पेपर द्यायला पळत जायला लागला, त्यातून हे सगळं उभं राहिलं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर भेटायचं, दोन-तीन किलोमीटर पळत एखाद्या सामुदायिक बागेत जायचं, तासभर ढकलगाडीने लाकडाचा भुसा नाहीतर माती वाहायची आणि परत पळत यायचं. सगळ्यात मागे एकजण ठरवून थांबतो, त्यामुळे माझ्यासारखी कासवं हरवत नाहीत.

मला आवडतं ते दुसरंच. तुम्हाला एकट्या राहणाऱ्या एका आजी किंवा आजोबांशी जोडून देतात, आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे पळत जायचं, गप्पा मारायच्या, परत यायचं. आणि त्यांना म्हणतात कोच! का, तर ते वाट बघत असतात म्हणून तुम्हाला दांडी मारता येत नाही. आधी तुमचं पोलिस रेकॉर्ड तपासतात, त्यात बरेच दिवस गेले आणि मी जरा वैतागले होते, पण एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात कोणालाही कसं सोडतील. माझ्या कोच आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. पहिल्यांदा मी दारात चिखलाचे बूट काढून आत गेले तर त्या बघतच राहिल्या, आता मी आले की त्या स्वतःच म्हणतात, बूट काढ. नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार, वर भुरभुर पाऊस, नुसत्या पळण्यासाठी मी मेले तरी घराबाहेर पडणार नाही.

*

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. प्लॉगिंग म्हणजे पळणं नव्हे. शंभरदा वाकायचं आणि तेही कंबरेतून, दुसऱ्या दिवशी पाठ धरली माझी. गुडघ्यात वाकून उचला असं नंतर कोणीतरी सांगितलं. आणि रस्ता साफ करणं हे ज्यांचं काम आहे त्यांना विचारायचं सोडून आपण हौसेने का करायचं?

*

@वरचे, विचारलं ना आम्ही! विसर्जनानंतर ओहोटीच्या वेळेला किनाऱ्यावर जायचो (कुठला ते लिहीत नाही), पीओपीचे हात, मुकुट, सजावटीचं थर्माकोल, ओलं निर्माल्य, ओल्या वाळूतून ते ओढायला जो दम लागतो तो दहा किलोमीटरला लागत नाही. चाळीसेक गोण्या रचून ठेवल्या, गाडी येणार म्हणून सांगितलेलं, गाडी आलीच नाही, भरतीला निम्म्या परत पाण्यात. रडायचं बाकी होतं. आता गाडी उभी दिसल्याशिवाय पहिली गोणी भरत नाही, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघतो.

*

कचऱ्यावरून आठवलं. आम्ही पुण्यात गोळा केलेलं सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबून ठेवायचो आणि खूश व्हायचो. आमच्या सोसायटीत येणाऱ्या 'स्वच्छ'च्या (कचरावेचकांची सहकारी संस्था) ताईंनी एकदा पिशवी उघडून झापलं, "दादा, भेळेचे कागद नि बाटल्या एकत्र टाकल्या की बाटलीचापण पैसा जातो की!" तेव्हापासून दोन जण बाटल्यांची पिशवी घेऊन पळतात, बाकीचे बाकीचं.

*

मुंबई, मरीन ड्राइव्ह. मी शनिवारी पहाटे एका दृष्टिहीन मित्राबरोबर गाईड म्हणून पळतो. दोघांच्या हातात एक छोटी दोरी, आमची तर बुटाची जुनी लेस आहे, दोन्ही टोकांना फास. पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? हाताने दाखवून म्हटलं, "इकडून घे!" तो हसून हसून थांबला. आता "तीन पावलांवर पायरी, खाली" असं बोलतो. खड्डा, कुत्रा, समोरून येणारी सायकल, सगळं तोंडाने, अखंड कॉमेंट्री. त्यासाठी गाईडचा दम जोडीदारापेक्षा जास्त हवा, नाहीतर बोलणार कोण? आमचं उलटं आहे, तो माझ्यापेक्षा वेगवान, म्हणजे स्वयंसेवक मी आणि "चल चल, दोनच किलोमीटर राहिले" म्हणणार तो. दहा किलोमीटरच्या वर त्याला दुसरा गाईड लागतो, मी सायकलवर पाणी घेऊन मागे.

नवीन कोणाला यायचं असेल तर आधी घरातल्या कोणालातरी डोळे बांधून सोसायटीत फिरवा. आणि एकदा स्वतः डोळे बांधून घ्या, मग कळतं आपण किती उशिरा बोलतो ते.

*

धागाकर्ता परत. सगळं ग्रुपवर वाचून दाखवलं. लंडनच्या कोच आजींनी मॅरेथॉनवाले जरा ढिले पडले, एकजण म्हणाला आपल्या गल्लीत असे चार आजोबा आहेत पण ते आपल्याला पळायला नाही, बसायला लावतील. तूर्तास ठरलंय ते असं : लाँग रनला हात लावायचा नाही, बुधवारचा चढाचा सराव बाटल्या घेऊन टेकडीवर, दोघादोघांच्या पाळ्या, प्रत्येकाला तीन रोपं. टेकडीवरच्या आजोबांनी एक अट घातलीय, येताना खुरपं आणायचं. कोणाकडे जास्तीचं आहे का?