स्मार्ट मीटरवर दिवसाची ८० पैसे सवलत: कोणती कामं ९ ते ५ मध्ये नेणं खरंच परवडतं?

गच्ची_आणि_टाकी यांचा प्रश्न

महावितरणचा घरगुती ग्राहक आहे. स्मार्ट टीओडी मीटर (वापर कोणत्या वेळेला झाला ते नोंदवणारा) बसलाय आणि बिलात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे वजा झालेले दिसतायत. घरात चार माणसं, महिन्याला साधारण ३२० युनिट. उपकरणं अशी: २५ लिटरचा गिझर (२ किलोवॅट), फ्रंट लोड वॉशिंग मशीन (बहुतेक वेळा ४० अंशांवर), १ एचपीची पाण्याची मोटर, घरघंटी, १.५ टनाचा इन्व्हर्टर एसी (फक्त रात्री), १५० एएचची बॅटरी असलेला इन्व्हर्टर आणि ३ किलोवॅट-तास बॅटरीची ई-स्कूटर. मंजूर भार ३ किलोवॅट.

प्रश्न असे:

१) यातलं काय दुपारी नेलं तर खरोखर फरक पडेल?
२) रात्री वीज स्वस्त असते असं बरेच जण सांगतात. ते खरं आहे का?
३) गिझर दुपारी साडेचारला तापवून ते पाणी दुसऱ्या सकाळी वापरलं तर चालेल का? तसंच इन्व्हर्टरची बॅटरी दिवसा भरून रात्री पंखे-दिवे त्यावर चालवले तर?
४) सोसायटीची (६० सदनिका) ५ एचपीची मोटर सध्या पहाटे ५ आणि रात्री ८ ला चालते. ती टायमरवर टाकायची आहे. काय काय लागेल?

---

बिलवाचक

आधी दुसरा प्रश्न, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. रात्रीची वीज स्वस्त हा समज उद्योगांच्या जुन्या दरांवरून आलाय. त्यांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट असायची आणि संध्याकाळी जादा आकार लागायचा. तेव्हा रात्री मागणी कमी आणि औष्णिक संच तर चालूच ठेवावे लागायचे, म्हणून रात्रीचा वापर वाढवायचा प्रयत्न होता. आता दिवसा सौर वीज भरपूर येते आणि सूर्य मावळला की ती जाते, म्हणून सूट दुपारकडे सरकली. घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून ९ ते ५ ची सूट लागू झाली. सुरुवात ८० पैशांनी झाली आणि ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत न्यायची आहे. रात्री ११ ला मशीन लावून घरगुती बिलात काहीही सुटत नाही. (हे महावितरणचं. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांचे ग्राहक असाल तर आपापल्या दरपत्रकातले तास बघा.)

आता पहिला प्रश्न. तुमच्या यादीतलं हलवता येण्यासारखं काय आहे त्याचा हिशोब मांडतो:

मशीन ४० अंशांवर एका धुण्याला साधारण ०.७ युनिट. महिन्यात २० धुणी धरली तर १४ युनिट, म्हणजे ११ रुपये २० पैसे.
१ एचपीची मोटर रोज अर्धा तास, महिन्याला १५ युनिट: १२ रुपये.
घरघंटी महिन्यात चारेक तास, ३ युनिट: २ रुपये ४० पैसे.
इस्त्री ६ युनिट धरा: ४ रुपये ८० पैसे.
स्कूटर पूर्ण भरायला चार्जरमधला तोटा धरून ३.५ युनिट. महिन्यात १० वेळा, ३५ युनिट: २८ रुपये.

सगळं मिळून ७३ युनिट आणि जेमतेम ५८ रुपये, तेही यातलं आज काहीच दुपारी होत नसेल तर. फ्रिज चोवीस तास चालतो, त्यामुळे त्याच्या वापराचा साधारण तिसरा हिस्सा तुम्ही काही न करताच सवलतीत येतो.

आता ही दुसरी बाजू बघा. तेच धुणं ४० अंशांऐवजी थंड पाण्यात केलं तर मशीनमधलं हीटर चालतच नाही आणि ०.७ चं साधारण ०.२ युनिट होतं. २० धुण्यांत १० युनिट वाचली. तुमचा वापर ३०० च्या वर आहे, म्हणजे वाचणारं युनिट तुमच्या बिलातल्या सगळ्यात महागड्या टप्प्यातून वाचतं. १०१ ते ३०० च्या टप्प्यातच वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) धरून युनिट १० रुपयांच्या वर जातं आणि ३०० नंतर ते आणखी चढतं. म्हणजे एका धुलाईच्या बटणाने १०० रुपयांहून जास्त वाचले आणि यादीतली पाचही कामं हलवून ५८. युनिट सरकवलं तर ८० पैसे, युनिट वाचवलं तर दहा रुपयांच्या वर. हा फरक लक्षात ठेवूनच बाकीचं ठरवा. महिन्याला २० युनिट कमी केलीत तर ३०१ च्या टप्प्यातून पूर्ण बाहेर पडाल.

जाता जाता: छापील बिल बंद करून ई-मेलवर घेतलंत (गो ग्रीन) तर दर बिलाला १० रुपये सूट आहे. ती घेतली नसेल तर आधी ती घ्या. तुमची घरघंटी आणि इस्त्री दुपारी हलवून जेवढं सुटेल त्यापेक्षा ती जास्त आहे.

---

गिझरवाली_ताई

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही नको.

गिझर: २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण १ युनिट लागतं (२५ × ३५ × ४.१८६ ÷ ३६००). ते ९ ते ५ मध्ये तापवलं तर सुटले ८० पैसे. आता साडेचार ते सकाळी सहा म्हणजे साडेतेरा तास. एवढ्या वेळात टाकी चांगल्या इन्सुलेशनची असली तरी पाणी ८-१० अंश उतरतं. ते परत चढवायला पाव युनिटाच्या आसपास लागतं आणि ते सकाळी विनासवलतीच्या वेळेत, तुमच्या टप्प्याने अडीच-तीन रुपयांचं. ८० पैशांसाठी तीन रुपये गेले. स्विच रात्रभर चालू राहिला तर थर्मोस्टॅट मधूनमधून हीटर लावत राहतो, ते याहून वाईट.

त्याऐवजी: थर्मोस्टॅट ६० वरून ५० वर आणा, अंघोळीच्या १५-२० मिनिटं आधी लावा आणि बंद करून आत जा. घरात कुणी दुपारी किंवा संध्याकाळी लवकर अंघोळ करत असेल तर त्यांच्यापुरतं पावणेपाचच्या आत तापवून घेणं मात्र फायद्याचं, कारण ते पाणी लगेच वापरलं जातं. गिझरच्या आतल्या सळईवर क्षार चढले असतील (पाणी जड असेल तर दोन वर्षांत चढतातच) तर तापायला वेळ लागतो आणि सळई लवकर जळते. ती सळई आणि मॅग्नेशियमचा ॲनोड (टाकी गंजू नये म्हणून बसवलेली कांडी) वर्षातून एकदा काढून बघा.

बॅटरी: लेड-ॲसिड बॅटरीत एक युनिट बाहेर काढायला साधारण १.३५ ते १.४ युनिट आत घालावं लागतं. चार्जरमधला तोटा, बॅटरीतला तोटा आणि बॅटरीची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलताना होणारा तोटा, तिन्ही धरून. रात्रीचं युनिट ११ रुपयांचं धरा, दुपारचं १०.२० चं. १.३५ × १०.२० = १३.७७. म्हणजे प्रत्येक युनिटमागे पावणेतीन रुपये तोटा आणि वर बॅटरीची भरण्या-उतरण्याची आवर्तनं विनाकारण खर्ची पडतात. घरातली १५० एएचची बॅटरी वीज गेल्यावरसाठीच ठेवा. रोज उतरवली तर ती वेळेआधीच कामातून जाते आणि नव्या बॅटरीची किंमत या सवलतीतून कधीच भरून येत नाही.

एसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येतो: दुपारी चार ते पाच या वेळेत एसी लावून खोली आधीच गार करून ठेवावी का? नको. हवा गार होते, भिंती आणि वरचा स्लॅब नाही. नागपूर-अकोल्याकडे तर वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि तासाभरात खोली होती तशी होते. त्यापेक्षा तापमान एक अंश वर ठेवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते. २२ चं २५ करा आणि सोबत पंखा लावा.

---

पॅनेल_आणि_स्टार्टर

सोसायटीच्या मोटरीचं नीट लिहितो, कारण टायमर चुकीचा जोडून मोटरी जळतात.

आधी आकडे. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, कार्यक्षमता धरून विजेकडून साधारण ४.५ किलोवॅट ओढते. ६० घरं, २४० माणसं, माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला ३२ हजार लिटर. मिनिटाला ३०० लिटर चढत असेल तर पावणेदोन-दोन तास. म्हणजे रोज ९ युनिट, महिन्याला २७०, सवलत २१६ रुपये. तुमची मोटर दिवसाला तीन-चार तास चालत असेल तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि आधी कारण शोधा. बहुतेक वेळा फूट व्हॉल्व्ह (हौदातल्या पाइपच्या टोकाची झडप) गळत असतो, इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजलेला असतो, नाहीतर गच्चीवरची टाकी रात्री ओसंडत असते. ते दुरुस्त केल्यावर अख्खं युनिट वाचतं.

मग टाकी पुरते का ते बघा. आठवडाभर संध्याकाळी ५ ला आणि सकाळी ९ ला गच्चीवरच्या टाकीची पातळी लिहून ठेवा. या सोळा तासांत, त्यात सकाळची अंघोळीची गर्दीही आली, टाकीतलं जेवढं उतरतं ते तिच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत असेल तरच पहाटेची फेरी बंद करता येईल. नसेल तर पहाटे अर्ध्या तासाची छोटी फेरी ठेवा आणि बाकी सगळं दुपारी.

फेऱ्या: ९.१० ला पहिली आणि ३.३० ला दुसरी. ४.३० पर्यंत टाकी काठोकाठ हवी. बरोबर ९ चा ठोका धरू नका, टायमरचं आणि मीटरचं घड्याळ दोन-चार मिनिटं इकडेतिकडे असतं.

सामान: बॅटरी बॅकअपवाला डिजिटल साप्ताहिक टायमर (बॅकअप नसेल तर वीज गेली की घड्याळ मागे पडतं आणि महिन्याभरात फेरी सहा वाजता लागते), ऑटो-बंद-मॅन्युअल असा सिलेक्टर स्विच, गच्चीवरच्या टाकीत एक फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा), खालच्या हौदात दुसरा, तीनपैकी एखादी फेज गेल्यावर मोटर बंद पाडणारा प्रिव्हेंटर. डीओएल स्टार्टर (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) आहे तोच चालेल.

जोडणी अशी: टायमरचा संपर्क मोटरीच्या वाटेत अजिबात घालायचा नाही. तो फक्त कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधला मोटरीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) कॉइलला वीज देतो. टायमरवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या भारासाठी, मोटर सुरू होताना सहापट प्रवाह ओढते आणि संपर्क चिकटतात. कॉइलच्या वाटेत ओळीने: सिलेक्टर, टायमर, हौदातला फ्लोट, गच्चीवरचा फ्लोट, प्रिव्हेंटर आणि शेवटी ओव्हरलोड रिलेचा (मोटर जास्त प्रवाह ओढू लागली की बंद पाडणारा) एनसी संपर्क, म्हणजे एरवी जोडलेला आणि ट्रिप झाला की तुटणारा. मॅन्युअलमध्ये फक्त टायमर वगळला जावा, फ्लोट आणि ओव्हरलोड नाही. इथे शॉर्टकट मारलेला बऱ्याच पॅनेलमध्ये दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं: ओव्हरलोड रिले हातानेच रीसेट होणारा ठेवा. हिरव्या बटणावर चालणारी मोटर एकदा ट्रिप झाली की बंदच राहते, कारण होल्डिंग (बटण सोडल्यावरही कॉइलला वीज देत राहणारी जोडणी) तुटतं. टायमरवर मात्र कॉइलला वीज सतत मिळत असते. रिले ऑटो रीसेटवर असेल तर थंड झाला की मोटर परत सुरू, परत ट्रिप, असं तासभर चालतं आणि वाइंडिंग जळतं. रिलेवरची छोटी कळ ‘एच’ (हाताने रीसेट) वर आहे का ते स्वतः डोळ्यांनी बघा.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि अग्निशमनाच्या पंपाच्या वायरिंगला कुणालाही हात लावू देऊ नका.

---

गच्ची_आणि_टाकी

सगळ्यांचे मनापासून आभार. गिझर आणि बॅटरीचा विचार सोडला, धुणं थंड पाण्यात. अजून दोन गोष्टी: मशीनला साधा प्लग टायमर लावला तर चालेल का? आणि रविवारी ९ ला मशीन, मोटर, इस्त्री, स्कूटर सगळं एकदम लावलं तर?

---

पॅनेल_आणि_स्टार्टर

प्लग टायमरवर मशीन सुरू होणार नाही. वीज आली तरी इलेक्ट्रॉनिक पॅनेल बटण दाबायची वाट बघत बसतं. मशीनमधलाच ‘डिले’ वापरा. बऱ्याच मशीनमध्ये तो ‘किती तासांनी संपवायचं’ असा असतो, ‘किती तासांनी सुरू’ असा नाही, तेवढं पुस्तिकेत बघून घ्या. घरी कुणी नसताना लावणार असाल तर पाण्याचा इनलेट पाइप नवा आहे ना ते तपासा. स्कूटरच्या चार्जरला मात्र १६ अँपिअरचा टायमर चालतो. इस्त्री टायमरवर कधीच नको.

सगळं एकदम लावू नका. चार्जर ०.७, मोटर १, इस्त्री १ आणि मशीन गरम पाण्यावर असेल तर २, एवढ्यातच ४.७ किलोवॅट झाले. त्यात कुणी गिझर किंवा इंडक्शन लावलं की सातच्या आसपास, म्हणजे २३० व्होल्टला ३० अँपिअर. मंजूर भार ३ किलोवॅट आहे आणि स्मार्ट मीटर कमाल मागणी नोंदवून ठेवतो. ९ ते ५ म्हणजे आठ तास आहेत. मोटर ९.१०, मग मशीन, इस्त्री अकराला, स्कूटर बारा ते पाच.

---

बिलवाचक

आणि महिन्यातून एकदा मीटरच्या डिस्प्लेवर फिरत येणारी वेळ मोबाईलशी ताडून बघा. मीटरचं घड्याळ अर्धा तास पुढेमागे झालं तर तुमची ९.१० ची फेरी सवलतीच्या बाहेर पडू शकते. फरक दिसला तर वेळ आणि तारीख दोन्ही दिसतील असा फोटो काढून ग्राहक क्रमांकासह लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून पुढच्या बिलात दुरुस्ती होत नाही.