मदत हवी आहे: 'दियादोखोस' म्हणजे वारस की नुसता पुढचा माणूस?

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासगटात सध्या बायबलच्या नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक चालू आहे आणि रविवारी २४ वा अध्याय माझ्या वाट्याला आलाय. ख्रिस्ताचा प्रेषित पौल कैसरीया शहरात कैदेत, सुभेदार फेलिक्स काही पैसे सुटतील या आशेने त्याला पुन्हापुन्हा बोलावून गप्पा मारतोय. अशी दोन वर्षं जातात आणि २७ व्या वचनात फेलिक्साच्या जागी पुर्क्य फेस्त येतो.

मराठीत हे एका 'जागी'मध्ये संपतं. मूळ ग्रीकमध्ये मात्र फेलिक्साला 'दियादोखोस मिळाला' अशी रचना आहे. नव्या करारात हे नाम एवढ्या एकाच ठिकाणी येतं, तेही एका रोमी अधिकाऱ्यासाठी! मी टिपणात आधी 'उत्तराधिकारी' लिहिलं, मग खोडलं. फेस्ताला नेमलं नीरो बादशहाने, त्यात फेलिक्साचा वारसा कुठून आला?

पण अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये वारल्यावर टॉलेमी, सेल्युकस वगैरे सरदारांनी राज्य वाटून घेतलं, त्यांनाही 'दियादोखोय'च (दियादोखोसचं अनेकवचन) म्हणतात. तिथे तर गादीचाच प्रश्न होता. मग या शब्दात हक्क आहे की नाही? आणि मराठीत काय लिहू?

प्रतिसाद:
शब्द फोडून बघा. 'देखोमाय' म्हणजे घेणं, स्वीकारणं. 'दिया' जोडलं की एकाकडून दुसऱ्याने घेणं. ग्रीक नाटककार इस्किलसच्या 'अगामेम्नोन' नाटकात ट्रॉय पडल्याची खबर डोंगराडोंगरांवर आगट्या पेटवत येते, त्या साखळीला राणी मशालींच्या शर्यतीची उपमा देते आणि तिथे हेच कूळ वापरते: 'दियादोखे'. रक्ताचं नातं शब्दात नाहीच, ते संदर्भातून येतं.

शिवाय, दियादोखोस नेहमी मागून येणारा असतो असंही नाही. जुन्या करारात १ इतिहास १८:१७ मध्ये दावीद राजाचे मुलगे मूळ हिब्रूत 'राजाच्या हाताशी पहिले' आहेत. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे 'दियादोखोय' घातलं, आणि दावीद तर जिवंत! टॉलेमींच्या मिसरी दरबारात हा एक मानाचा दर्जाही होता.

शब्दाला चर्चमधलं वजन मागाहून चढलं. साधारण इ.स. १८० च्या सुमारास बिशप इरेनियसने रोमच्या बिशपांची लीनसपासून यादी दिली. शिकवण कोणाकडून कोणाकडे आली, हे त्याला दाखवायचं होतं. पुढे युसेबियसने लिहिलेल्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाची सुरुवातच प्रेषितांच्या 'दियादोखाय'पासून, म्हणजे एकामागून एक आलेल्यांच्या परंपरेपासून होते. ते ओझं फेस्ताच्या डोक्यावर कशाला? आपल्या कचेरीत म्हणतात तसं सरळ लिहा: फेस्ताने चार्ज घेतला.

धागाकर्ता:
आभार! 'चार्ज' फिट्ट बसतो. नवा साहेब येतो, कपाट उघडतो आणि आत जुन्या साहेबाची एक प्रलंबित फाइल: पौल. २५ व्या अध्यायात फेस्त अग्रिप्पा राजाला जवळपास हेच सांगतो, फेलिक्साने एक माणूस कैदेत ठेवून दिलाय म्हणून.

फक्त सिराख या जुन्या यहुदी ग्रंथात ४६:१ मध्ये, मोशेनंतर इस्राएलाचा पुढारी झालेल्या यहोशवाला मोशेचा 'दियादोखोस' म्हटलंय, तिथे चार्ज लिहायला हात धजत नाही. तिथे काय लिहाल?