जॅकी चॅन: 'पोलीस स्टोरी' ते 'रश अवर', फटक्यातला जोर कुठे गेला?

तिसरी_रांग
जॅकी चॅनचे हाँगकाँगचा 'पोलीस स्टोरी' (१९८५) आणि हॉलिवूडचा 'रश अवर' (१९९८) लागोपाठ पाहिले. माणूस तोच, चपळाई बरीचशी तीच, पण दुसऱ्यात फटका लागलाय असं वाटतच नाही. 'रश अवर'च्या वेळी तो ४४ वर्षांचा होता. हा फक्त वयाचा परिणाम, की चित्रीकरण-संकलनाचा? आणि त्याची कारकीर्द नीट समजून घ्यायची तर कोणते चित्रपट, कोणत्या क्रमाने, काय शोधत पाहावेत?

चौकट
वय हे कारण आहेच, पण दुय्यम. पडताळायचं असेल तर हॉलिवूडचा 'द बिग ब्रॉल' (१९८०) लावा. चॅन तेव्हा २६ वर्षांचा, अंगात रग, तरी मारामारी थंड. त्याच वर्षीचा हाँगकाँगचा 'द यंग मास्टर' शेजारी ठेवलात की शरीराचा मुद्दा निकालात निघतो. फरक आहे तो कॅमेरा कुठे ठेवला आणि कात्री कुठे लावली याचा.

हाँगकाँगच्या पद्धतीत कॅमेरा मागे, बहुतेक स्थिर, दोघेही लढवय्ये डोक्यापासून पायापर्यंत दिसतील असा. मारणं, लागणं आणि कोसळणं शक्यतो एकाच शॉटमध्ये. कट करायचाच झाला तर पहिला शॉट फटका लागेपर्यंत चालवायचा आणि दुसरा, वेगळ्या कोनातला, दोन-तीन फ्रेम (फिल्मवरची एकेक चित्रं) मागून सुरू करायचा. लागण्याचा क्षण डोळ्यांपुढून दोनदा जातो. प्रेक्षकाला पुनरावृत्ती कळत नाही, जोर मात्र वाढलेला जाणवतो. जास्त फ्रेम मागे घेतल्या तर हालचाल अडखळते. अजिबात घेतल्या नाहीत तर नवा कोन उमगेपर्यंत फटका होऊन गेलेला असतो. हॉलिवूडमध्ये बहुतेकदा नेमका याच जागी कट असतो, तोही जवळच्या, हलत्या शॉटवर. नटाला लढता येत नसेल तर हे झाकण उपयोगाचं. चॅनसारख्याच्या बाबतीत ते निव्वळ नुकसान आहे.

रीळ_क्रमांक_७
चौकट यांच्याशी सहमत, पण तंत्राच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न आहे. हाँगकाँगमध्ये मारामारीचा भाग अॅक्शन डायरेक्टरच्या, म्हणजे मारामारी बसवणाऱ्याच्या, ताब्यात असे. कॅमेरा कुठे लावायचा आणि कुठे कापायचं, दोन्ही तोच ठरवी. शिवाय आवाज नंतर डब करायचे, त्यामुळे शॉट चालू असताना ताल ओरडून देता येई.

ताल महत्त्वाचा, कारण चॅनची तालीमच तशी. यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेरा (गाणं, अभिनय आणि कसरती असलेलं चिनी रंगनाट्य) शाळेत त्याने सुमारे दहा वर्षं काढली, पुढे नट झालेल्या सॅमो हंग आणि युएन बियाव यांच्याबरोबर. दोन-तीन वेगवान हालचाली, मग क्षणभर स्थिर ठसा (एका पवित्र्यात थबकणं), पुन्हा वेग, हे वळण तिथलं आहे. तो ठसा कापला की उरलेली नुसती धावपळ होते.

१९८५ सालीच पुरावा मिळतो. 'द प्रोटेक्टर' या अमेरिकी चित्रपटात दिग्दर्शक जेम्स ग्लिकेनहाउसशी त्याचं पटलं नाही. हाँगकाँगच्या आवृत्तीसाठी त्याने काही भाग पुन्हा चित्रित केले, संकलन बदललं. त्याच वर्षी स्वतः दिग्दर्शित केलेला 'पोलीस स्टोरी' आला आणि हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. माझ्या मते या कारकिर्दीचे चढउतार संकलनाचं टेबल कोणाच्या हाती होतं त्यावरूनच वाचावेत.

तिसरी_रांग
म्हणजे वेगही खरा समजायचा? काही ठिकाणी फिल्म पळवल्यासारखी वाटते.

चौकट
काही शॉट पळवलेले असतातच. सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेमने चित्रित करून २४ने दाखवलं की वेग साधारण ९ टक्के वाढतो, आणि डोळ्याला ते खपतं. २० किंवा त्याखाली गेलं की पितळ उघडं पडतं. ओळखायचं असेल तर लढणाऱ्यांकडे पाहू नका. केस, कपड्याचे सोगे, उडालेली धूळ आणि मागे चालणारी माणसं पाहा. पडणाऱ्या वस्तू विनाकारण घाईत दिसल्या की समजावं. पण याने फक्त वेग वाढतो. अंतर आणि वेळ चुकली असेल तर ती तशीच राहते.

जुनी_व्हीएचएस
क्रम असा ठेवा. आधी 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७६). ब्रूस ली १९७३ मध्ये गेल्यावर दिग्दर्शक लो वेई हे चॅनला दुसरा ली बनवू पाहत होते. गंभीर, सूडाने पेटलेला चॅन किती अवघडतो ते दिसेल. मग 'ड्रंकन मास्टर' (१९७८): दुसऱ्या निर्मितीसंस्थेला उसना दिलेला असताना, दिग्दर्शक युएन वू-पिंग यांच्या हाताखाली त्याला विनोद सापडला. तिसरा 'प्रोजेक्ट ए' (१९८३). घड्याळाच्या मनोऱ्यावरून, दोन कापडी छपरांतून तो कोसळतो, आणि ते पडणं दोनदा दाखवलंय. 'पोलीस स्टोरी'तली दिव्यांच्या खांबावरची घसरण तर तीनदा.

'आर्मर ऑफ गॉड' (१९८६) मध्ये केसांकडे लक्ष द्या. युगोस्लाव्हियात झाडावरून पडून त्याच्या कवटीला गंभीर इजा झाली. अपघातापूर्वीच्या दृश्यांत केस आखूड आहेत, बरा झाल्यावरच्या दृश्यांत लांब.

'रंबल इन द ब्राँक्स' (१९९५) पाहताना आवृत्ती तपासून घ्या. अमेरिकेत दाखवलेली प्रत कापलेली, डब केलेली आणि नवं संगीत घातलेली आहे. जुन्या चित्रपटांच्या इंग्रजी प्रतींतही अशी कापाकापी असते, म्हणून शक्यतो मूळ कँटोनीज प्रत, उपशीर्षकांसह. नाहीतर तुमच्या प्रश्नाचं उत्तर चुकीच्या संकलकावरून शोधत बसाल.

आणि मध्ये 'व्हील्स ऑन मील्स' (१९८४) घाला. शेवटची लढत किकबॉक्सर बेनी अर्किडेझबरोबर आहे. लाथेच्या वाऱ्याने मेणबत्त्या विझतात तो शॉट गाठा आणि तिथून एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. चौकट म्हणतात ते कट कुठे बसतात, हे तिथे बोट ठेवून दाखवता येतं.