आईनं पाटी परत दिली! विडी वळणाऱ्या बायकांना वाचायला शिकवायचं कसं?

घरकुलातली_पोर
नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातली. बी.कॉम. झालंय, एका सीएंच्या ऑफिसात कामाला जाते, सातपर्यंत घरी येते. आई लग्नाच्या आधीपासून विड्या वळते, अजून सही येत नाही.

जूनमध्ये आमच्या ओट्यावर वर्ग सुरू केला. अकरा बायका आल्या, सगळ्यात लहान पस्तिशीची, सगळ्यात मोठी बासष्टची. नव्या पेठेतून पाट्या आणल्या, ग म भ न पासून सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात चारच उरल्या. चौथ्या आठवड्यात माझ्याच आईनं पाटी धुऊन, पुसून माझ्या हातात दिली. म्हणाली, "तासाला शंभर विड्या जातात माझ्या. तुझ्या ग म भ न ला हजारी काय भाव हाय, सांग की."

वर्ग काढायचं कारण सांगते. आमच्या बोळातल्या एका अक्काच्या विड्यांच्या हिशेबाच्या पुस्तकात कित्येक महिने छाट जास्त लिहिली जात होती. म्हणजे वळलेल्या विड्यांतल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्या. ब्रँचवर, म्हणजे कारखान्याच्या माल घ्यायच्या जागी, तोंडी एक आकडा सांगायचे, पुस्तकात दुसराच. अक्का अंगठा देऊन यायची. नातवानं सहज वाचून दाखवलं तेव्हा कळलं. कारखान्याचं नाव लिहीत नाही.

अडचणी अशा. घरात आम्ही तेलुगू बोलतो. मराठी सगळ्यांना बोलता येतं, बाजारात भांडण्याइतपत तर नक्की. पण "ग गवताचा" म्हटलं की चेहरा कोरा. दुसरं, हात रिकामे नसतात. तिसरं, सुनेसमोर पाटी घ्यायची लाज.

कुणी केलंय का असं काम? "इच्छाशक्ती हवी" असलं काही सांगू नका प्लीज.

जोडभावीकर
मुरबाड तालुक्यात फांगणे गावात आजीबाईंची शाळा आहे. ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर नावाच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन येतात. लाज कशी घालवायची ते तिथनं शिकण्यासारखं आहे. सगळ्यांना एक गणवेश दिला की कोण हसणार कुणाला?

घरकुलातली_पोर
@जोडभावीकर, व्हिडिओ बघितलेत, फार गोड आहे. पण त्या आज्यांच्या दुपारी मोकळ्या असतील, आमच्या बायकांच्या नाहीत. गुलाबी साडी नेसवली तरी मांडीवर विड्यांचं सूप राहणारच.

लूमवाला_एमआयडीसी
मी शिक्षक नाही, टॉवेलच्या लूमवर काम करतो. पण एक सांगतो. ब्रिज कोठारी म्हणून अहमदाबादच्या आयआयएममधले आहेत, त्यांनी १९९६ ला कल्पना काढली की टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत बोल लिहायचे. १९९९ ला गुजराती दूरदर्शनवर सुरू पण झालं. पुढचा शब्द काय येणार हे आधीच तोंडपाठ असतं, त्यामुळं डोळा आपोआप अक्षराला जुळवत जातो. माझी बायको अशीच हिंदी अडखळत का होईना वाचायला लागली. टीव्ही तर तुमच्याकडे दिवसभर चालूच असणार की ओ.

जुनी_प्रेरक
पोरी, मी नव्वदच्या दशकातल्या साक्षरता अभियानात प्रेरक होते. तेव्हा मानधन म्हणजे चहा. आता गुडघे गेलेत, पण डोकं चालतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझी पहिली चूक मीही केली होती. ग म भ न हे सहा वर्षांच्या पोरासाठी आहे. त्याच्याकडं वेळच वेळ, आणि न येण्याची लाज नाही. तुझ्या आईनं भाव विचारला तो बरोबरच विचारला. तुझ्याकडं उत्तर नव्हतं म्हणून तुला ते लागलं.

आता लूमवाल्या दादांनी जे सांगितलं त्यातच तुझी चावी आहे, पण वेगळ्या कुलपाची. विडी वळताना तुझी आई कुठं बघते? हाताकडं बघत नाही. टीव्हीकडं बघते, नाहीतर शेजारणीच्या तोंडाकडं. पान कापताना नजर लागते, वळताना बोटांना सगळं पाठ असतं. म्हणजे हात अडकलेत, डोळे मोकळे आहेत. आणि तू काय मागितलंस? नेमके हात! पाटी-पेन्सिल बंद कर. वाचन आधी, लिहिणं मागून. टीव्हीच्या शेजारच्या भिंतीवर वीतभर मोठी अक्षरं लिही. ओट्यावर बोलवू नकोस, त्या जिथं सूप घेऊन बसतात तिथं तू जा.

शब्द कुठले? ब्राझीलचे पावलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये अंजिकोस गावात तीनशेच्या आसपास मजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवलं. गमक एवढंच की शब्द पुस्तकातले नव्हते, मजुरांच्या रोजच्या जगण्यातले होते. आम्हाला प्रशिक्षणात हे सांगितलेलं, वापरायची अक्कल नंतर आली. तुझ्या बायकांचे शब्द तुला ठाऊकच आहेत. पान आणि सूत. ही दोनच घे.

आता बघ गंमत. पान, सूत. चार अक्षरं झाली, प न स त. मात्रा दोन, काना आणि दुसरा उकार. एवढ्यात काय काय होतं? सात. तास. पास. सून. नातू. आणि सासू! माझ्या वर्गात "सासू" फळ्यावर आली तेव्हा बाया तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की शेजारचे बघायला आले. त्या दिवसानंतर कुणाला बोलवायला जावं लागलं नाही.

आकड्यांचं काय घेऊन बसलीस! पंचविसाचं एक बंडल, चाळीस बंडलांचे हजार, हे त्या तुझ्या सीएंपेक्षा आधी सांगतील. म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हांनी माणदेशी महिला बँक काढली. आधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारलेला, कारण बायका निरक्षर. मग बायकांनी अक्षरं गिरवली, परत गेल्या, आणि आम्ही कॅल्क्युलेटर न घेता व्याज काढतो, तुमचे साहेब काढतात का बघू, असं आव्हान दिलं. तेव्हा हिशेब शिकवू नकोस, फक्त आकड्याचं चित्र ओळखायला शिकव. २५, ४०, १०००. आणि सराव त्यांच्याच पुस्तकावर घे. भाव विचारलाय ना आईनं? तो पुस्तकातल्या छाटेच्या रकान्यात सापडेल.

तेलुगूचं मला विचारू नकोस, मला मोडकंतोडकंच येतं. त्यांनाच विचार. पण मत नको विचारू, काय वाचायचंय ते विचार.

लूमवाला_एमआयडीसी
सासू 😂 आमच्या मास्तरांनी असं शिकवलं असतं तर मी दहावी झालो असतो.

मनपा_शाळा_बाई
एक व्यवहाराची गोष्ट. केंद्राचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे, पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही चालतो. जवळच्या शाळेत नोंदणी होते, शिकवणारे स्वयंसेवक, बिनपगारी. मार्चमध्ये चाचणी घेतात. एकूण दीडशे गुण, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला पन्नास-पन्नास. प्रमाणपत्र मिळतं. नाव आत्ताच घालून ठेवा, पण "परीक्षा" हा शब्द बायकांसमोर काढू नका. आमच्या शाळेत एक मावशी परीक्षा म्हटल्यावर मागच्या दारानं घरी गेल्या.

घरकुलातली_पोर
पाच आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. जीएसटीची गडबड होती.

वर्ग बंद केला, भिंत सुरू केली. आमच्याच घरात, टीव्हीच्या डाव्या बाजूला. दादा ओरडला, मागच्या दिवाळीला रंग दिलेला. आई त्याला म्हणाली, "तुझ्या बापाची भिंत हाय का, माझ्या पीएफची हाय." (पैसे खरंच तिच्याच पीएफमधून काढलेले.)

"सासू" चा तसाच परिणाम झाला, फक्त आमच्याकडं बासष्टच्या अक्कांची सूनच शेजारी बसली होती. दोघी चार दिवस बोलत नव्हत्या. पाचव्या दिवशी सुनेनं अक्कांना "सून" चा उकार बोटानं हवेत काढून दाखवला. आता तीच शिकवते, मी नसले तरी चालतं. जरा वाईट पण वाटलं मला.

तेलुगूचं असं झालं. मी "पान" लिहिलं, आई म्हणाली, आम्ही तर आकू म्हणतो, ते लिहिता येतं का तुझ्या मराठीत? मी लिहिलं, आकू. मग दुधाचं पालू. बायका गप्पच झाल्या. त्यांना वाटायचं या अक्षरांत फक्त मराठीच बसतं. फार पुढं नेता येत नाही हे, तेलुगूतले आखूड ए आणि ओ देवनागरीत नीट बसत नाहीत. पण "ही अक्षरं त्यांची" हे डोक्यातनं गेलं. आधी कोणती लिपी यावर भांडत होत्या, आता विषयच निघत नाही.

आता सात जणी आहेत, अकराच्या अकरा परत आल्या नाहीत. दोघींच्या नवऱ्यांनी नको म्हटलं. एक मुलीकडं पुण्याला गेली. चौथीचं कारण ती सांगत नाही.

लिहिणं ब्रँचच्या रांगेत चालतं. माल द्यायला तासभर थांबावं लागतं, तिथं बोटानं मांडीवर गिरवतात. मुनीम विचारत होता म्हणे, खाज सुटलीय का सगळ्यांना.

@जुनी_प्रेरक मावशी, आता अडलंय ते सांगते. पुढचा शब्द "हप्ता" घ्यावा म्हणत होते, बचत गटाचा. जोडाक्षर आहे, पण आकार ओळखीचा. बायकांनी ऐकलं नाही. त्यांना "छाट" च पाहिजे. आईनं तीनदा काढायचा प्रयत्न केला, छ ची गाठ तिच्या बोटांना जमतच नाही, आणि जमल्याशिवाय दुसरा शब्द घेऊ देत नाही. छ कसा शिकवायचा?

जुनी_प्रेरक
आईला म्हणावं, विडीचं तोंड मोडतेस तसं बोट आत वळव. आणि उद्या त्या छ चा फोटो टाक.