अकरा महिन्यांचा भाडेकरार: नोटरी पुरे की नोंदणी हवीच?

कर्वेनगरवाला: वन बीएचके भाड्याने देतोय. भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००. एजंट म्हणतो, अकरा महिनेच आहेत ना, नोटरी करून टाकू. मला पटतंय. वडिलांनी वीस वर्षं नोटरीवरच घर दिलं, कोर्टाची पायरी कधी चढावी लागली नाही. उगाच सरकारची भर कशाला?

दस्तवाला: वडिलांना भाडेकरू चांगले मिळाले, एवढंच. अकरा महिन्यांची पळवाट १९०८ च्या नोंदणी कायद्यातली. वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक अकरावर थांबले. आपल्याकडे ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, तुमच्यासारखा) करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कर्वेनगरवाला: आजवर आत गेलेला एक मालक दाखवा!

दस्तवाला: आत जायचं सोडा. त्याच कलमात पुढे वाचा. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, खोटं पाडायचं काम मालकाचं. उद्या तो म्हणाला भाडं १२,००० च ठरलं होतं, तर काय कराल?

तिसरं घर: मी भाडेकरू, तरी नोंदणीला माझा विरोध. खर्च शेवटी आमच्याच गळ्यात मारतात. दर अकरा महिन्यांनी एजंट मशीन घेऊन येतो. मागच्या खेपेला घरमालक आजोबांच्या अंगठ्याच्या रेषाच उमटेनात. खोबरेल लावून झालं, ओल्या फडक्याने पुसून झालं, पाचव्यांदा हिरवा दिवा लागला. तोवर चहा दोनदा झाला.

शिवाजीनगर: तुमचे आजोबा निदान अंगठा द्यायला तयार होते. माझ्या मालकाने नोटरीवर भागवलं आणि सोडताना रंगकामाच्या नावाखाली २५,००० कापले. बँकेने पत्त्याचा पुरावा म्हणूनही तो कागद घेतला नव्हता.

दस्तवाला: @कर्वेनगरवाला, तुमचा हिशोब करून देतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५%, डिपॉझिटवर १०% व्याज धरून तेही त्यात. साडेपाचशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,०००. एजंटचं कमिशन वेगळं, तिथे घासाघीस करा. आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येतं, भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. @तिसरं घर, दरवर्षी अंगठे नको असतील तर ६० महिन्यांपर्यंत करार करा, दर तोच.

कर्वेनगरवाला: पाच वर्षं कोण अडकून पडेल? शिवाय नोंदवलं की भाडं कागदावर येतं.

शिवाजीनगर: म्हणजे दुखणं आयकराचं आहे!

कर्वेनगरवाला: तसं नाही हो. बरं, १,००० फी निम्मी-निम्मी चालेल ना?

तिसरं घर: बघा, आलंच आमच्या गळ्यात.