पाळी जाणं नैसर्गिक निवडीत टिकलं तरी कसं?

मधली_सुट्टी
गेले दोन महिने उत्क्रांतीवर जे मिळेल ते वाचतेय आणि एका जागी येऊन पार अडकलेय. नैसर्गिक निवडीचा हिशोब तसा सरळ आहे ना, ज्याची पिल्लं जास्त जगतात त्याची जनुकं पुढे जातात, बाकीच्यांची गळत जातात. मग बायकांची पाळी पन्नाशीच्या आसपास कायमची का जाते? हृदय, फुप्फुसं, मेंदू अजून पंचवीस-तीस वर्षं चालणार असतात आणि एकटं अंडाशयच एवढ्या लवकर थांबतं. एखादीला साठीपर्यंत मुलं होत राहिली असती तर तिचीच जनुकं सगळीकडे पसरली असती की. तसं झालं नाही, म्हणजे माझं कुठेतरी चुकतंय.

माझी स्वतःची पाळी मागच्या वर्षी गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता पुस्तकातला राहिलेला नाही. डॉक्टरांनी हॉर्मोन्सचं सगळं नीट समजावलं, पण त्यातून कसं होतं ते कळलं, का होतं ते नाही कळलं.

उंबरठा
अहो सोपं आहे, पूर्वी माणसं तिशी-पस्तिशीतच जायची. पन्नाशीपर्यंत कोणी पोचतच नव्हतं, मग अंडाशय पुढे चालवायची गरजच काय. आता औषधपाण्यामुळे आपण जास्त जगतो आणि ते उघडं पडलं एवढंच.

पाणकावळा
उंबरठा, हे उत्तर फार ठिकाणी देतात पण ते टिकत नाही. सरासरी आयुर्मान तीस याचा अर्थ सगळे तिशीत मेले असा होत नाही. दहातली चार मुलं लहानपणीच गेली की सरासरी धाडकन खाली येते. २००७ मध्ये गर्व्हन आणि कॅप्लन या संशोधकांनी शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांची आकडेवारी एकत्र केली, त्यात मोठेपणी सर्वात जास्त मृत्यू ज्या वयाला होतात ते वय ७२ च्या आसपास निघालं. जी पंचेचाळीशीला पोचली तिला पुढे सरासरी वीसेक वर्षं मिळत होती, आणि तेही दवाखाना नसताना. म्हणजे पाळी गेलेल्या बायका माणसांत फार पूर्वीपासून आहेत.

बीजांडांचा साठा संपला म्हणून पाळी थांबली असंही काही जण सांगतात, पण तेही अर्धंच उत्तर. मुलगी जन्मते तेव्हा अंडाशयात १० ते २० लाख बीजांडं असतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात आणि आयुष्यभरात बाहेर पडतात जेमतेम ४००-५००. बाकीची आतच जिरतात. जिरण्याचा वेग थोडा कमी असता तर साठा साठीपर्यंत सहज पुरला असता, आणि हत्तिणींना साठीतही पिल्लं होतात, तेव्हा सस्तन प्राण्याच्या शरीराला ते जमतच नाही असं नाही.

चिंचेचं_झाड
ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. मूल होणं का थांबतं हा एक, आणि थांबल्यावर बाई एवढी का जगते हा दुसरा. मीही बरीच वर्षं दोन्ही एकच समजत होतो त्यामुळे काहीच जुळत नव्हतं.

आधी दुसरा घेऊ. टांझानियात एयासी तलावाजवळ शिकार आणि कंदमुळांवर जगणारे हाड्झा लोक राहतात, तिथे मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कोण किती अन्न आणतं ते अक्षरशः मोजत बसून पाहिलं. तिथले कंद खोल, खडकाळ जमिनीत असतात, लहान मुलांना ते खणता येत नाहीत. आईच्या अंगावर नवं बाळ आलं की तिचं खणणं कमी होतं, आणि तेव्हा दूध सुटलेल्या थोरल्याचं वजन कसं वाढतंय ते आईपेक्षा आजीच्या कष्टावर ठरत होतं. यातून ग्रँडमदर हायपोथिसिस, म्हणजे आजीचा सिद्धांत, पुढे आलं: जी आजी जास्त जगली तिची नातवंडं जास्त जगली, आणि तिची दीर्घायुष्याची जनुकं त्यांच्यातून पुढे गेली. फिनलंड आणि कॅनडाच्या जुन्या नोंदींवरचा २००४ चा अभ्यासही याच बाजूचा, पन्नाशीनंतर बाई जितकी दशकं जगली तितकी दर दशकामागे साधारण दोन नातवंडं जास्त.

पण यातून थांबण्याचं कारण मिळत नाही, आणि मला वाटतं इथेच बहुतेक लेख हात झटकून मोकळे होतात. स्वतःच्या मुलात आपली निम्मी जनुकं, नातवंडात पाव. म्हणजे स्वतःचं एक मूल सोडायचं तर बदल्यात दोन जास्तीची नातवंडं जगवायला हवीत, आणि नुसत्या मदतीने हा हिशोब सहसा बसत नाही.

पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे मूल होणं का थांबतं याचं, मला पटलेलं उत्तर कँट आणि जॉनस्टन या संशोधकांचं, २००८ चं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गटात जाते असं धरा. सुनेला सासूच्या पोटच्या मुलांशी रक्ताचं काही देणंघेणं नाही, पण सुनेच्या मुलांत सासूची पाव जनुकं आहेत. दोघींना एकदमच बाळं झाली आणि अन्न तेवढंच असलं तर माघार घेण्यात कोणाचं नुकसान कमी? सासूचं. फिनलंडच्या चर्चमधल्या नोंदी २०१२ मध्ये तपासल्या तेव्हा सासू-सुनेची मुलं एकाच काळात वाढत असली तर ती जगण्याचं प्रमाण खूप खाली गेलेलं दिसलं, आई आणि लेक एकाच वेळी बाळंत झाल्या तर मात्र तसं दिसलं नाही. हा फरक वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

पाणकावळा
यात एक भर. ओर्का म्हणजे किलर व्हेलच्या माद्यांना चाळिशीनंतर सहसा पिल्लं होत नाहीत पण काही ऐंशीच्या पुढेही जगतात. त्यांच्यात लेक आणि मुलगा दोघंही आईच्या कळपातच राहतात. आई आणि लेकीला एकाच वेळी पिल्लं झाली तर आईचं पिल्लू मरण्याचा धोका १.७ पट असतो, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. आणि सामन मासे कमी असतात त्या वर्षी कळपाच्या पुढे या म्हाताऱ्या माद्याच असतात. मासे कुठे मिळतील ते त्यांना आठवत असतं असं दिसतं.

मधली_सुट्टी
चिंचेचं_झाड, दोन प्रश्न वेगळे केल्यावर डोक्यातला गुंता एकदम सुटला, मनापासून आभार. पण एक बोलते, राग मानू नका. मला मूल नाही. हे सगळं वाचताना आत कुठेतरी दुखलं, की पाळी गेलेल्या बाईचं निसर्गातलं काम नातवंडं जगवणं, मग मी कशासाठी?

चिंचेचं_झाड
राग कसला ताई. मी लिहिताना हे आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं. नैसर्गिक निवड कोणाला काम नेमून देत नाही, तिच्यापुढे काही उद्देशच नसतो. मागे हजारो पिढ्यांत कोणाची पोरं जगली त्याचा तो नुसता उरलेला हिशोब आहे. तुम्हाला मिळालेली पुढची वर्षं त्या आज्यांच्या कष्टातून आली असतील, पण ती कशी घालवायची याबद्दल त्या हिशोबात एक ओळही नाही. आणि ओर्काच्या म्हातारीमागून अख्खा कळप जातो, त्यात तिची पिल्लं किती हे बघून नाही.

शिवाय हे सगळं अजून पक्कं झालेलं नाही. २०२३ मध्ये युगांडातल्या न्गोगोच्या चिंपांझींतही मेनोपॉज सापडला, माद्या प्रौढ आयुष्याचा साधारण पाचवा भाग पिल्लं होणं थांबल्यावर जगतात. आणि चिंपांझींच्या लेकी बहुतेक वयात आल्या की दुसऱ्या गटात जातात, आजी नातवंडं सांभाळत बसत नाही. म्हणजे तिथे आजीचं कारण चालत नाही. सासू-सुनेच्या स्पर्धेचं कारण चालेल का यावर वाद चालू आहे, तिथे बिबट्यासारखे शत्रू कमी आणि खाणं भरपूर म्हणूनही त्या जास्त जगत असतील.

मधली_सुट्टी
बरं वाटलं हे वाचून, खरंच. आता न्गोगोचं वाचायला घेते. ओर्कासारखं अजून कोणात आहे का, कोणी सांगेल का?

पाणकावळा
हो, नारव्हेल, बेलुगा, छोट्या परांचा पायलट व्हेल आणि फॉल्स किलर व्हेल. ओर्का धरून पाच, सगळे दात असलेले व्हेल. हत्तिणीच्या कळपातही म्हातारीच पुढे असते, पण तिला शेवटपर्यंत पिल्लं होत राहतात. तो फरक का, हे मला स्वतःला फार दिवस छळतंय, त्यावर वेगळा धागा काढतो.